पिल्लू रात्री का रडते?

विज्ञान दिनाच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी प्रत्येकाला परिसरातील एका गोष्टीचे निरीक्षण करून लिहायला सांगितले होते. कोणी सुगरणीच्या खोप्यावर लिहिले, कोणी मुंग्यांवर लिहिले. मी कुत्र्याच्या पिल्लावर लिहिले आहे. माझा लेख मोठा झाला म्हणून गुरुजींनी मला चार कार्डशीट दिले. अक्षर बारीक आहे, तरी शेवटपर्यंत वाचावे. पहिली-दुसरीच्या मुलांनी बोट लावून शाई पुसू नये.

आमचे गाव चाकणजवळ आहे. आजी सांगते की पूर्वी इथे सगळीकडे बाजरी, हरभरा आणि कांदा होता. आता निम्म्या रानात कंपन्या आहेत आणि उरलेल्या रानात कांदा आणि ऊस आहे. आमच्या घरामागे सहा खोल्यांची चाळ आहे. त्यात कंपनीतले कामगार भाड्याने राहतात. कोणी लातूरकडचे आहेत, कोणी बिहारचे आहेत. कोणाची पहिली पाळी असते, कोणाची रात्रपाळी असते. म्हणजे आमच्याकडे दिवसा असो की रात्री असो, कोणीतरी झोपलेलेच असते. हे मी मुद्दाम सांगितले, कारण पुढे त्यावरूनच सगळा घोटाळा झाला.

डिसेंबर महिन्यात मोठ्या रस्त्याच्या कडेला एका भिंतीलगत एक कुत्री व्याली होती. तिला चार पिल्ले होती. तिथल्या सिक्युरिटीवाल्या काकांनी त्यांच्याखाली बारदान टाकले होते. आम्ही मुले शाळेत जाता-येता लांबून बघायचो. जवळ गेले की कुत्री गुरगुरायची. एका मंगळवारी सकाळी ती रस्ता ओलांडताना एका गाडीखाली आली. आम्ही शाळेतून येताना बघितले तर पिल्ले एकावर एक पडून ओरडत होती. एक पिल्लू तर निपचित होते, ते नंतर मेले. दोन पिल्ले काकांनी ठेवून घेतली. चौथे काळे होते, ते मी शर्टाच्या आत घालून घरी आणले. त्याचे नाव काळू.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. आई जिवंत असताना एवढे लहान पिल्लू उचलून आणू नये. निदान आठ आठवडे तरी त्याला आईजवळ राहू द्यावे. मला हे तेव्हा माहीत नव्हते, पण आमच्या काळूला आईच नव्हती, त्यामुळे माझा तो दोष धरू नये.

पहिल्या रात्री आम्ही त्याला कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ओट्यावर ठेवले. वाटीत गाईचे दूध ठेवले. ते त्याने थोडे प्यायले आणि बरेचसे पायाने सांडले. आईने दिवा बंद केला आणि लगेच रडणे सुरू झाले. आधी नुसते कुंई कुंई. मग जोरात. मग मोठ्या कुत्र्यासारखा लांब सूर. एवढ्याशा अंगातून एवढा आवाज कसा निघतो ते कळत नव्हते. चाळीतल्या दोन खोल्यांत दिवे लागले. माझ्या पप्पांची त्या आठवड्यात पहिली पाळी होती. त्यांना पहाटे पाचला उठावे लागते. ते दोनदा उठून बाहेर आले आणि काही न बोलता आत गेले. ते काही बोलले असते तर बरे, असे मला वाटले.

माझा चुलतभाऊ सातवीत आहे. तो म्हणाला, "पाण्याचा हबका मार, गप बसंल." मी मारला. हे लिहायला मला लाज वाटते, पण गुरुजी म्हणाले की निरीक्षणात जे झाले ते सगळे लिहायचे, नुसते चांगले तेवढे लिहायचे नाही. पिल्लू आणखी जोरात ओरडले. नंतर मात्र हळूहळू गप्प झाले. मी खूश झालो. बॅटरी लावून बघितले तर ते कोपऱ्यात थरथर कापत होते आणि त्याच्याखाली ओले झाले होते. तेव्हा आजी बाहेर आली. तिने त्याला पदराने पुसले आणि चुलीपाशी नेले. ती म्हणाली, "आरं, कालपातूर हे लेकरू आईच्या पोटाशी झोपत व्हतं. तुला एकट्याला ओट्यावं ठिवलं असतं तर तू काय गाणं म्हनला असता का?"

आजीने आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्या खेड तालुक्यात आणि शेजारच्या जुन्नर, आंबेगावात उसात बिबटे असतात, आणि कुत्रा हे बिबट्याचे आवडते खाणे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात शास्त्रज्ञांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. त्यांनाही त्यात सर्वांत जास्त कुत्रेच आढळले, असे गुरुजींनी सांगितले. आमच्या घरामागे चाळ आहे, पण चाळीच्या पलीकडे ऊसच आहे. म्हणून पिल्लाला रात्री ओट्यावर, अंगणात किंवा गोठ्याच्या दारात ठेवू नये. ते रडले की आपण इथे आहोत हे ते सगळ्या रानाला सांगत असते.

बुधवारी सकाळी पप्पा डबा घेता घेता म्हणाले, "रविवारपर्यंत बघू. नाय जमलं, तर जिथनं आणलं तिथं नेऊन सोडायचं." मी काही बोललो नाही. जिथून आणले तिथे रात्रभर कंटेनर चालतात.

त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर मी गुरुजींची परवानगी घेतली आणि आईबरोबर पिल्लू जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधी त्याचे तोंड उघडून बघितले. मला वाटले जीभ बघतात, पण ते दात बघत होते. कुत्र्याचे पिल्लू जन्मते तेव्हा आंधळे आणि बहिरे असते. दहा ते चौदा दिवसांनी डोळे उघडतात. कान दोन-तीन आठवड्यांनी उघडतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुधाचे दात यायला लागतात. ते एकूण अठ्ठावीस असतात आणि पुढे मोठेपणी बेचाळीस होतात. काळूचे पुढचे दात सुयांसारखे वर आले होते. डॉक्टर म्हणाले की हे साधारण एक महिन्याचे आहे.

मी विचारले की ते रडते कशाला, त्याला काही दुखते का? डॉक्टर म्हणाले, "ते रडत नाही, हाक मारतं." मग त्यांनी समजावून सांगितले. पिल्लू आईपासून लांब सरकले तर त्याला गारठा लागतो आणि ते कुंई कुंई करते. आई तो आवाज ऐकते आणि त्याला जवळ ओढते. जे पिल्लू हाक मारणार नाही ते मागे राहील आणि मरेल. म्हणून जन्मल्यापासून सगळी पिल्ले हाक मारतात. आमच्या काळूला आई गेली हे माहीत नव्हते. तो तिला बोलावत होता आणि मी पाणी मारले.

पाण्याचे मी डॉक्टरांना सांगितले. ते रागावले नाहीत, पण म्हणाले की असे पुन्हा कधी करू नको. अगदी लहान पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब नीट राखता येत नाही. पहिले काही दिवस तर त्याला थंडीने कापताही येत नाही. म्हणून पिल्ले एकावर एक चढून झोपतात. कुत्र्याचे अंग आपल्यापेक्षा गरम असते. आपले तापमान सदतीस अंश, तर कुत्र्याचे अडतीस ते एकोणचाळीस अंश सेल्सिअस. गार पडलेले पिल्लू आधी ओरडते आणि नंतर गप्प होते. ते गप्प होणे झोपेचे नसते, ते वाईट असते. अशा वेळी त्याला आधी ऊब द्यावी, लगेच दूध पाजू नये, कारण गार पोटाला अन्न पचत नाही.

दुधाचेही माझे चुकलेच होते. कुत्रीचे दूध गाईच्या दुधापेक्षा दाट असते. त्यात चरबी आणि प्रथिने दुपटीहून जास्त असतात. शिवाय गाईच्या दुधातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही आणि ढाळ लागते. पोटात कळ आली की पुन्हा रडणे आलेच. महिन्याच्या पिल्लाला दात आलेले असतात, त्यामुळे त्याला मऊ शिजवलेला भात, उकडलेले अंडे कुस्करून, हाडे काढलेले उकडलेले मटण किंवा चिकन थोडे थोडे चालते. दिवसातून चार-पाच वेळा द्यावे आणि झोपायच्या आधी एकदा द्यावे. पाणी नेहमी ठेवावे. डॉक्टरांनी जंताचे औषध तिथेच पाजले. पिल्लाच्या पोटात आईकडूनच जंत आलेले असतात. ते औषध आपल्या मनाने देऊ नये, वजन करून देतात.

आता कांद्याचे सांगतो, कारण आपल्या चाकणचा कांदा सगळीकडे प्रसिद्ध आहे आणि आपल्या कालवणात कांदा-लसूण नसतो असा दिवस नाही. कुत्र्याला कांदा आणि लसूण विषारी असतो. त्याने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून उरलेले कालवण भाकरीवर ओतून पिल्लाला देऊ नये. आमच्या बराखीत कांदा भरलेला असतो, तिथे मी काळूला जाऊ देत नाही. मनुके आणि चॉकलेटही देऊ नये. माझ्या बहिणीने चॉकलेट दिले असते, पण तिने ते आधीच खाल्ले होते.

बुधवारी रात्री मी खोबरेलाच्या डब्यांचे खोके आणले. त्याला बाजूला भोके होती. आत जुनी गोधडी घातली. शीतपेयाच्या बाटलीत कोमट पाणी भरले, बूच घट्ट लावले आणि बाटली आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून एका बाजूला ठेवली. पाणी उकळते घालू नये, नाहीतर पिल्लू भाजते. बाटली मधोमध ठेवू नये, एका बाजूला ठेवावी. म्हणजे गरम झाले तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येते. खोके माझ्या अंथरुणाजवळ ठेवले आणि एक हात खोक्यात टाकून झोपलो. काळूने माझ्या बोटावर हनुवटी ठेवली.

तरी मला सहा वेळा उठावे लागले. पण मी प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवले की किती वाजले आणि कशाने गप्प झाला. त्यातून मला एक शोध लागला. सगळे रडणे एकसारखे नसते. झोपेतून उठून ते खोक्यात गोल गोल फिरते, खाली वास घेते आणि तुटक तुटक कुंई करते, तेव्हा त्याला मुतायचे असते. लगेच बाहेर नेले की काम होते आणि परत येऊन झोपते. बाहेर त्याच्याशी खेळायचे नाही, नाहीतर रात्री दोनला त्याला खेळायचीच सवय लागते. भूक लागली की ते तोंड पुढे करून चोखायला बघते. आणि गारठा लागला की अंगाचे मुटकुळे करून सारखे बारीक रडते. पहाटे तीनला असे झाले तेव्हा मी बाटलीला हात लावला, तर ती दगडासारखी गार झाली होती. पाणी बदलले आणि काळू लगेच झोपला. वरचे काहीच नसेल आणि तरी लांब सूर काढत असेल, तर ते एकटेपणाचे रडणे. त्याला हात पुरतो.

पण हात किती दिवस देणार? माझा हात बधिर झाला आणि शाळेत शुद्धलेखन वाकडे आले.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी पळत त्या भिंतीपाशी गेलो. सिक्युरिटीवाल्या काकांकडे काळूची दोन भावंडे मजेत होती. ती एकमेकांना चिकटून झोपत होती, म्हणून रडत नव्हती. काकांकडे मी जुन्या बारदानाचा तुकडा मागितला. त्याला घाण वास येत होता आणि आई म्हणाली की धुऊन मग घे. मी धुतला नाही. पिल्लाचे डोळे उघडायच्या आधीपासून त्याचे नाक काम करते. ते आईला वासाने ओळखते. काळूने बारदान हुंगले, दोन चकरा मारल्या, नाक त्याच्या घडीत खुपसले आणि झोपला. त्या रात्री मी फक्त तीन वेळा उठलो. आजीच्या डोळ्यांना पाणी आले. ती म्हणाली की चुलीचा धूर गेला, पण तेव्हा चूल विझलेली होती.

शुक्रवारी घड्याळाचा प्रयोग केला. आमच्या एका शिक्षकांनी सांगितले होते की पिल्लाजवळ टिकटिक करणारे घड्याळ ठेवले की त्याला आईच्या काळजाचे ठोके वाटतात आणि ते झोपते. आमच्याकडे आजोबांचे चावीचे घड्याळ आहे. मी ते कापडात गुंडाळून खोक्यात ठेवले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कशाचा गुण आला ते कळते, असे गुरुजींनी शिकवले आहे. म्हणून बारदान तसेच ठेवले, पण गरम बाटली ठेवली नाही. काळू रात्रभर किरकिर करत होता. आणि पहाटे साडेचारला काय झाले ते सांगतो. घड्याळाचा गजर लावलेला होता, तो मी बघितलाच नव्हता. खोक्यात एकदम ठणठण सुरू झाले. काळू खोक्यातून उडी मारून पप्पांच्या अंगावर गेला. सगळे घर उठले, चाळ उठली, चाळीतली दोन लहान बाळे उठली. पप्पा म्हणाले, "आज शनिवार." मला कळले की ते दिवस मोजत आहेत.

शनिवारी घड्याळ काढले आणि बाटली ठेवली. दोनच वेळा उठलो. म्हणजे आमच्या काळूला घड्याळापेक्षा ऊब महत्त्वाची होती. गुरुजी म्हणाले की एका रात्रीवरून नियम करू नये. म्हणून पुढच्या आठवड्यात मी तोच प्रयोग पुन्हा दोनदा केला, गजर काढून. तेच उत्तर आले. घड्याळाने कोणाच्या पिल्लाला गुण येत असेल तर त्यांनी ठेवावे, पण गजराचा काटा आधी बघावा.

रविवार उजाडला. मला वाटले आपण जिंकलो. पण सकाळीच चाळीतले लातूरकडचे काका आले. त्यांची रात्रपाळी होती आणि डोळे लाल झाले होते. ते म्हणाले की पोराचे पिल्लू रात्री आता गुणाने राहते, पण मी शाळेत गेलो की दिवसभर रडते आणि त्यांना झोप मिळत नाही. मशिनवर डुलकी लागली तर हात जाईल. यावर आमच्याकडे काही उत्तर नव्हते. आईने त्यांना चहा दिला. पप्पा माझ्याकडे बघत होते. मी काळूला मांडीवर घेऊन बसलो होतो आणि तो नेमका तेव्हा शहाण्यासारखा झोपला होता.

काकांनी चहा प्यायला आणि पिल्लाला हात लावून बघितला. मग म्हणाले, "याला एकटं राहायला शिकवलंच नाही तुम्ही. कायम माणूस नाहीतर मांडी." काकांचे आजोबा मेंढरे राखायचे. त्यांच्या वाड्यावर कुत्री असायची आणि पिल्लू लहानपणापासून कोकरांमध्ये झोपायचे. म्हणून ते मेंढरांत रमायचे, माणूस लांब गेला तरी रडायचे नाही. काका पप्पांना म्हणाले, "आठ दिवस द्या पोराला. मी कानात बोळे घालतो." पप्पा म्हणाले, "तुम्हीच म्हणत असाल तर ठीक आहे." काकांचे मी कधी विसरणार नाही.

गुरुजींनी मला नंतर सांगितले की काकांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे कुत्र्यांची पिल्ले वाढवून अभ्यास केला आणि १९६५ साली त्यावर पुस्तक लिहिले. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्यांच्या संगतीत राहते, ते त्याला आपले वाटतात. माणूस असो, मेंढरू असो की कोंबडी असो. म्हणून या दिवसांत त्याला मारले किंवा घाबरवले तर ती भीती मोठेपणीही राहते.

काकांनी सांगितलेली युक्ती अशी. पिल्लाचे पोट भरलेले असावे, मुतून झालेले असावे, खेळून दमलेले असावे. मग त्याला खोक्यात ठेवून आपण दाराबाहेर जायचे आणि ते रडायच्या आत परत यायचे. माझ्याकडे हातातले घड्याळ नाही, म्हणून मी पाढे म्हणत होतो. पहिल्या दिवशी दोनचा पाढा म्हणून आत आलो. काळूने फक्त मान वर केली. पाच-सहा वेळा असे केले. मग दोन ते पाचचे पाढे. मग दोन ते दहा. एकदा मी हावरटपणा करून एकदम दोन ते वीसपर्यंत गेलो, तेव्हा तो तेराच्या पाढ्याला रडायला लागला. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचपर्यंत खाली आलो. परत येताना मोठ्याने लाड करायचे नाहीत, गुपचूप आत येऊन आपले काम करायचे. म्हणजे माणूस जातो आणि येतो, त्यात विशेष काही नाही, असे पिल्लाला वाटते. काही लोक म्हणतात की पिल्लाला खुशाल रडू द्यावे, रडून रडून गप्प बसते. एक महिन्याच्या पिल्लाला तसे सोडणे मला पटत नाही. आधी पाणी मारून मी ते बघितले आहे.

मी शाळेत असताना आजी त्याला कांदे निवडायला बसते तिथे, पण कांद्यापासून लांब, खोक्यात ठेवायची. एवढेसे पिल्लू दिवसरात्र मिळून अठरा तासांपर्यंत झोपते. त्यामुळे त्याला सारखे उचलू नये. आमच्या गल्लीतली मुले दिवसभर त्याला बघायला यायची आणि झोपेतून उठवायची. अर्धवट झोपेचे पिल्लू जास्त रडते. मग मी दारावर खडूने लिहिले, "काळूला भेटायची वेळ संध्याकाळी पाच ते सहा." तरी माझी बहीण तिच्या मैत्रिणींना मधेच आणायची.

याच आठवड्यात मी खोके रोज रात्री एक एक वीत माझ्या अंथरुणापासून लांब सरकवत गेलो. त्याला ते कळलेच नाही. चाळीतले काका मंगळवारी म्हणाले की दुपारी एकदाच आवाज आला. बुधवारी ते काहीच म्हणाले नाहीत. त्याच आठवड्यात पप्पांची दुसरी पाळी लागली होती. ते रात्री बारा वाजता घरी यायचे. बुधवारी रात्री, म्हणजे काळूच्या नवव्या रात्री, मी झोपलो होतो. सकाळी आईने मला सांगितले की पप्पा दारात आले, घरात अगदी शांत होते, म्हणून ते घाबरले. त्यांनी चप्पल न काढताच मोबाईलच्या उजेडात खोक्यात वाकून बघितले. काळू पोट वर करून झोपला होता. मग ते बराच वेळ तिथेच बसले. सोडायचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

आता लसीचे. सहा ते आठ आठवड्यांनी पिल्लांच्या आजारांची पहिली लस देतात. त्यातल्या एका रोगात रक्ताची ढाळ लागून पिल्ले मरतात. काळूला ती जानेवारीत दिली. पिसाळण्याची, म्हणजे रेबीजची लस तीन महिन्यांनी देतात. ती या महिन्यात दिली. दवाखान्यात नेता येत नसेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करावा, तो जनावरांच्या डॉक्टरांसाठी आहे. आणि मुलांनो, पिल्लू कितीही लहान असले तरी त्याचा दात किंवा नख लागून रक्त आले तर घरी लपवू नये. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि आरोग्य केंद्रात जावे. हळद, चुना, मिरची लावू नये. मला काळूचा दात लागला होता तेव्हा मी गेलो. इंजेक्शने हातावर देतात, पोटात देत नाहीत. माझा चुलतभाऊ पोटात चौदा देतात म्हणून मला भिववत होता, ती पूर्वीची गोष्ट आहे. रेबीजची लस माणसाला पहिल्यांदा फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी दिली. तो जोसेफ मायस्टर नावाचा नऊ वर्षांचा मुलगा होता, म्हणजे माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान. तो वाचला.

काळू आता साडेतीन महिन्यांचा आहे. त्याचे पुढचे दोन दुधाचे दात पडले आहेत. तो रात्री दाराच्या आतल्या बाजूला झोपतो. मागच्या रविवारी मी त्याला त्याच्या भावंडांना भेटवायला नेले. आधी तिघे एकमेकांवर गुरगुरले आणि नंतर एकमेकांचे कान ओढत बसले.

खोक्यात तो आता मावत नाही. बारदान फाटले आहे, पण खोके, बाटली आणि लुगड्याचा तुकडा चांगला आहे. कोणाकडे आई नसलेले पिल्लू आले असेल, तर त्याने मधल्या सुट्टीत मला सांगावे. घड्याळ मात्र मिळणार नाही, ते आजीने फळीवर परत ठेवले आहे.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी